मुख्य तक्रार, रोग्याच्याच शब्दांत

वाचन : १ शमुवेल १:९-१८, मार्क ५:२५-३४



गेल्या महिन्यात आजाऱ्यांच्या भेटींची यादी करताना पाळकसाहेबांनी आम्हाला सहज विचारलं, "तुम्ही दोघी कुणाच्या घरी गेलात की प्रार्थना पाच मिनिटं करता आणि पाऊण तास नुसत्या ऐकत बसता. असं का?" आम्ही हसून वेळ मारून नेली. त्याचं खरं उत्तर थोडं लाजिरवाणं आहे, म्हणून इतकी वर्षं मंडळीत कधी उभं राहून सांगितलं नाही. आज लिहून सांगतो. साक्ष म्हणा किंवा कबुली म्हणा.

आम्ही दोघी म्हणजे नणंद-भावजय. राहायला इंदूरच्या सराफ्यात, एका पेढीच्या वरच्या मजल्यावर. ज्यांनी सराफा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. राजवाड्याजवळच्या या गल्लीत दिवसभर सोन्याचांदीचा व्यापार चालतो. रात्री पेढ्यांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या आणि कढया लागतात. भुट्ट्याचा कीस, दहीवडे, रबडी, ताटाएवढा जलेबा आणि थंडीत गराडू. मध्यरात्र उलटली तरी गर्दी हलत नाही. पाहुण्यांना याची फार मौज वाटते. वर राहणाऱ्यांना मात्र खिडक्या लावून झोपायची सवय करावी लागते.

आमचं काम नेमकं त्याच वेळी सुरू होतं. आम्ही घरबसल्या अर्धवेळ मेडिकल ट्रान्सक्रिप्शन करतो. पुष्कळांना हे कॉल सेंटर वाटतं, पण आम्ही कुणाशी बोलत नाही. अमेरिकेतला डॉक्टर रोग्याला तपासतो आणि काय आढळलं ते बोलून ठेवतो. तो आवाज फाइल होऊन आमच्याकडे येतो आणि आम्ही तो ऐकून अहवाल टाइप करतो. हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे १० वाजतात तेव्हा इंदूरला रात्रीचे ८:३० झालेले असतात. म्हणून तिकडचे दवाखाने उघडले की इकडे आमच्या कानांवर हेडफोन चढतात. पैसे ओळींवर मिळतात, आणि ओळ म्हणजे मधल्या मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरं. पायाखाली एक पेडल असतं. दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद, आणि पुन्हा दाबलं की दोन-तीन सेकंद मागे जाऊन परत सुरू. आईने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "म्हणजे शिलाईचंच काम की गं!"

आई म्हणजे एकीची जन्मदाती आणि दुसरीची सासू, पण दोघी तिला आईच म्हणायचो. घरातला कर्ता पुरुष पीथमपूरच्या कारखान्यात पाळीने कामाला. एका पगारात भागेना, आणि आईला एकटं टाकून दोघींपैकी कुणालाही बाहेर नोकरी करता येईना. अशा वेळी हे काम मिळालं. आम्ही ते प्रभूचं दान मानलं आणि आजही मानतो.

या कामात पहिल्या दिवशी जे शिकवतात ते टायपिंग नसतं. शिकवतात ते असं की ऐकू आलं नाही तर जागा रिकामी सोडा. शब्द पाच वेळा ऐका, वेग कमी करून ऐका, कोशात पाहा. तरी उमगला नाही तर तिथे खूण करा, फाइलमधली वेळ लिहा आणि पुढे चला. वरचा तपासनीस ऐकेल, नाही तर डॉक्टरला विचारील. आम्हाला शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "सुटलेला शब्द भरता येतो. बनवलेला शब्द कुणाला दिसतच नाही."

त्यांचं म्हणणं किती खरं आहे ते थोड्याच दिवसांत कळलं. इंग्रजीत 'इलियम' हा एकच उच्चार असलेले दोन शब्द आहेत. एक कमरेचं हाड, दुसरा लहान आतड्याचा शेवटचा भाग. 'हायपर' आणि 'हायपो' यांत एका अक्षराचा फरक, पण एकात साखर किंवा रक्तदाब वाढलेला असतो आणि दुसऱ्यात उतरलेला. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांची गफलत झाली तर १५ मिलिग्रॅमच्या जागी ५० पडतात. सेलेब्रेक्स सांधेदुखीवर देतात, सेलेक्सा नैराश्यावर. एकदा आमच्या हातून असा एक आकडा अंदाजाने पडला होता. खाली गल्लीत कुणाची तरी वरात आली होती, आवाज नीट लागेना आणि फाइल लवकर द्यायची होती. तपासणीत चूक सापडली म्हणून निभावलं. त्या रात्री दोघींनाही झोप लागली नाही. एका अनोळखी माणसाच्या औषधावर आम्ही आमचा अंदाज लिहिला होता.

त्यानंतर आम्ही यिर्मयाच्या ३६व्या अध्यायातल्या बारूखाला आमचा गुरू केलं. यिर्मया तोंडाने सांगत गेला आणि बारूख शाईने लिहीत गेला. सरदारांनी चौकशी केली तेव्हा त्याने सरळ सांगितलं की संदेष्टा बोलला ते मी लिहिलं. यहोयाकीम राजाने गुंडाळी कापून शेगडीत जाळली तेव्हा तो पुन्हा बसला आणि पुन्हा ऐकून लिहिलं. आम्हाला वाटायचं, आपणही असेच विश्वासू लेखक झालो आहोत. कंपनीकडून शाबासकीही मिळायची. त्या शाबासकीचा थोडा गर्व झाला होता, हे नाकारत नाही.

आता २०१७च्या डिसेंबरचं सांगतो.

आगमनकाळ चालू होता. नाताळच्या सुट्ट्यांआधी काम वाढतं, म्हणून एरवी पाळीपाळीने बसणाऱ्या आम्ही दोघी मागून आणलेला लॅपटॉप घेऊन एकदमच बसत होतो. त्यात संडे स्कूलच्या मुलांचं नाटक, घराची रंगरंगोटी, करंज्या. आई तेव्हा ७४ वर्षांची होती, मधुमेह जुना. ती अधूनमधून काहीबाही सांगायची.

"छातीत भरून आल्यासारखं होतंय गं."

आम्ही म्हणालो, गॅस असेल. ओवा दिला.

"जबड्याला रग लागते."

आम्ही म्हणालो, कवळी घट्ट झाली असेल. नाताळ झाला की दाखवू.

"जिना चढताना मध्येच बसावंसं वाटतं."

वय झालं, आई.

"रात्री अंगाला पाणी सुटतं."

दोन शाली घेऊन झोपल्यावर आणखी काय होणार?

चार तक्रारी आणि चार उत्तरं. चारही उत्तरं आम्ही उभ्या उभ्या, हातातलं काम न सोडता दिली. यातलं प्रत्येक लक्षण आम्ही इंग्रजीत किती वेळा टाइप केलं असेल याची गणती नाही. छातीत दडपण, जबड्याकडे जाणारी वेदना, श्रमाने लागणारा दम, घाम. डॉक्टरच्या तोंडून ते एका ओळीत येतं तेव्हा ती ओळ कशाकडे बोट दाखवते हे आम्हाला कुणी सांगावं लागत नव्हतं. पण आईच्या तोंडून ते मराठीत, तुकड्यातुकड्याने, भांडी घासताना आणि शेव गाळताना आलं. आम्ही ते उतरवूनच घेतलं नाही.

१९ तारखेची मंगळवारची रात्र. घरातला पुरुष रात्रपाळीला गेलेला. आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत, कानांवर हेडफोन, दाराला कडी. रोग्यांची माहिती गुप्त राखायचा अमेरिकेचा १९९६चा कायदा आहे, त्यामुळे कामाच्या वेळी खोलीत तिसरं कुणी येऊ द्यायचं नाही असा आमचा शिरस्ता. त्या वेळी आम्ही कुणाचा अहवाल टाइप करत होतो ते इथेही लिहिणार नाही. इतकंच सांगतो की आवाज नीट यावा म्हणून हेडफोन घट्ट दाबून धरले होते.

साडेअकराच्या सुमारास भावजय पाणी प्यायला उठली. आतल्या खोलीत आई जमिनीवर, पलंगाच्या पायाला टेकून बसली होती. घामाने पातळ ओलंचिंब. हाताशी तांब्या पालथा पडलेला. तो तिने फरशीवर आपटला होता. आम्हाला काही ऐकू आलं असेल तर ते खालच्या कढईवरच्या झाऱ्याचं वाटलं असेल.

१०८ला फोन केला. रुग्णवाहिका राजवाड्याच्या बाजूला येऊन उभी राहिली, पण सराफ्यात त्या वेळी पाऊल ठेवायला जागा नसते. खाली गराडू तळणाऱ्या दादांनी आमचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता गॅस बंद केला. त्यांची दोन पोरं प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन वर आली. आईला खुर्चीसकट उचललं आणि ओरडत निघाली, "हटो भिया, अम्मा को निकलने दो!" माणसं हातातल्या पत्रावळ्यांसकट बाजूला सरकत गेली आणि मधून वाट झाली. तांबड्या समुद्राचा धडा आम्ही संडे स्कूलमध्ये अनेकदा शिकवला होता. चालून पाहिला तो त्या रात्री.

रुग्णालयात तरुण डॉक्टरने कागद पुढे ओढला आणि विचारायला सुरुवात केली. कधीपासून होतंय? नेमकं कुठे? दुसरीकडे पसरतं का? चालल्यावर वाढतं का? बसल्यावर कमी होतं का? घाम येतो का? प्रश्न आम्हाला पाठ होते. तो एक विचारीपर्यंत आम्हाला पुढचा माहीत असायचा. उत्तर मात्र एकाचंही माहीत नव्हतं.

उत्तर आईनेच दिलं, तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला करून. "दस तारीख से, बेटा. चर्च से लौटी, तब से."

१० डिसेंबर, आगमनकाळाचा दुसरा रविवार. नऊ दिवस ती सांगत होती.

हृदयविकाराचा झटका होता. डॉक्टर म्हणाले की मधुमेही आणि वयस्क माणसांत, विशेषतः बायकांत, पुष्कळदा छातीत ती ओळखीची तीव्र कळ येतच नाही. अपचन, दम, घाम, जबड्याची किंवा पाठीची रग एवढंच दिसतं, आणि घरचे त्याला गॅस म्हणतात. ते सगळ्यांना सांगतात तसंच सांगत होते, पण आम्हाला मान वर करवेना. तुमच्या घरात कुणाला असं झालं तर ओव्याची पुडी शोधू नका, १०८ला फोन करा. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्या.

दुसऱ्या दिवशी आई बोलण्याइतकी झाली तेव्हा विचारलं, "हाक का नाही मारलीस?"

"तीनदा मारली," ती म्हणाली. "मग म्हटलं, तुमचं काम चाललंय."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

तो नाताळ आम्ही वॉर्डात केला. आईला वाचून दाखवायला शास्त्र उघडलं. मरियेचं स्तोत्र वाचलं, आणि त्याचं मूळ हन्नेच्या गीतात आहे म्हणून मागे जाऊन शमुवेलाचं पहिलं पुस्तक काढलं. गीत दुसऱ्या अध्यायात आहे, पण आम्ही पहिल्यापासून वाचायला लागलो आणि एलीपाशी अडलो.

शिलोच्या मंदिराच्या दारापाशी एली याजक बसला आहे. समोर हन्ना प्रार्थना करते आहे. तिचे ओठ हलतात, पण शब्द ऐकू येत नाहीत. एली तिच्या तोंडाकडे टक लावून पाहतो, म्हणजे त्याचं लक्ष होतं. त्याने बायकामाणसांचं दुःख पाहिलं नव्हतं असंही नाही, तो तर जुना अनुभवी याजक. पण ऐकू आलं नाही तेव्हा त्याने जागा रिकामी सोडली नाही. अंदाज भरला. ही बाई प्यायलेली आहे.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. एलीने 'दारू' भरली, आम्ही 'गॅस' भरला.

पुढे हन्ना धीराने सांगते की मी प्यायलेले नाही, मी परमेश्वरापुढे माझं मन मोकळं करत होते. आणि एलीचा चांगुलपणा असा की तो आपलं म्हणणं धरून बसत नाही, तिला आशीर्वाद देऊन पाठवतो. तिसऱ्या अध्यायात हाच एली पुन्हा भेटतो. परमेश्वर लहानग्या शमुवेलाला हाक मारतो. दोनदा एली त्याला परत झोपायला पाठवतो, तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात येतं की हाक कोणाची आहे. तीन हाका. आमच्याकडेही तीनच झाल्या होत्या, पण इथे तिसऱ्या हाकेलाही कुणी उठलं नाही.

आम्ही खूप विचार केला की परक्या देशातल्या, तोंडही न पाहिलेल्या रोग्याच्या एका शब्दासाठी आम्ही पाच वेळा पेडल दाबतो, मग आईसाठी एकदाही मागे का गेलो नाही? प्रेम कमी होतं असं नाही. जवळच्या माणसाचं बोलणं आपल्याला पाठ आहे असं वाटतं, हे त्याचं कारण. परक्याचा शब्द आपण ऐकतो. घरच्याचा शब्द ऐकण्याआधीच आपला भरून तयार असतो. आणि घाईत असलो की तो आणखी चटकन भरला जातो.

प्रभूकडे पाहा. मार्काच्या पाचव्या अध्यायात तो याईराच्या घरी निघाला आहे. मुलगी मरणाच्या दारात आहे, बाप शेजारून चालतो आहे. याहून मोठी घाई कुठली? तरी तो थांबतो आणि विचारतो की मला कोणी स्पर्श केला. शिष्यांना ते वेडेपणाचं वाटतं, एवढ्या गर्दीत कोणी नाही केला? पण तो थांबून राहतो, आणि बारा वर्षं रक्तस्राव सोसलेली ती स्त्री पुढे येऊन सगळं खरं खरं सांगते. ती बरी आधीच झाली होती. प्रभूने तिला बोलतं केलं ते त्यानंतर. अनेक वैद्यांनी तिचा पैसा संपवला होता असं मार्क लिहितो. तिची हकिगत शेवटपर्यंत ऐकून घेणारा पहिला वैद्य बहुधा तोच असावा. आंधळ्या बार्तीमयालाही त्याने विचारलं की तुझ्यासाठी मी काय करावं. समोरचा आंधळा आहे हे काय त्याला दिसत नव्हतं? तरी त्याने अंदाज केला नाही. त्याला स्वतःच्या तोंडाने सांगू दिलं.

आमच्या अहवालांत पहिला मथळा असतो 'मुख्य तक्रार'. तिथला रिवाज असा की ही तक्रार शक्यतो रोग्याच्याच शब्दांत लिहायची. डॉक्टरचं निदान खाली, पुष्कळ खाली येतं. वर्षानुवर्षं हा मथळा टाइप करूनही त्याचा अर्थ आम्हाला वॉर्डात बसून कळला.

आईला २७ तारखेला घरी आणलं. पडल्या पडल्या ती तिच्या सासूबाईंच्या आठवणी सांगायची. त्या इथल्या मिशनच्या बायकांच्या दवाखान्यात नर्स होत्या. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. एलिझाबेथ बीटी १८८४ साली आणि डॉ. मॅरियन ऑलिव्हर १८८६ साली इंदूरला आल्या. त्या काळी पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे येत नसत, आपलं दुखणं सांगत नसत आणि तशाच मरत. बाईचं दुखणं ऐकायला बाई हवी, म्हणून त्या इतक्या दूर आल्या. सासूबाईंचं एक वाक्य आई नेहमी सांगायची : "आधी बसू द्यावं, मग बोलू द्यावं, मग नाडी धरावी." हे वाक्य आमच्या घरात साठ वर्षं होतं. आम्ही तेही ऐकलं नव्हतं.

मग आम्ही एक साधी दोनशे पानी वही आणली. रोज संध्याकाळी, हेडफोन चढवण्याआधी, दोघींपैकी एक आईजवळ बसायची आणि ती सांगेल ते तारीख घालून तिच्याच शब्दांत लिहायची. "पोटात कालवतंय." "जीव खालीवर होतो." "पायात गोळे येतात, डाव्या जास्त." "आज धाकटीची फार आठवण आली." धाकटी म्हणजे लहानपणी वारलेली तिची बहीण. ती कशाने गेली ते आम्हाला तोवर माहीत नव्हतं. काही उमगलं नाही तर जागा सोडायची आणि दुसऱ्या दिवशी विचारायचं. तपासणीला जाताना वही डॉक्टरांपुढे ठेवायचो. तिच्यावरून त्यांनी दोनदा औषध बदललं.

आई आणखी चौदा महिने जगली. २०१९च्या फेब्रुवारीत, झोपेत, प्रभूने तिला नेलं. वहीतली शेवटची नोंद आदल्या संध्याकाळची आहे : "आज काही तक्रार नाही. खालून गराडूचा वास आला. खावासा वाटला." दिला होता, दोन फोडी. दादांनी पैसे घेतले नाहीत.

आमचं काम अजून चालू आहे, पण बदललं आहे. आता आवाज आधी यंत्र ऐकतं आणि मसुदा तयार होऊन येतो. आम्ही तो तपासायचा. त्याचे पैसे कमी मिळतात, आणि हेही काम किती वर्षं राहील प्रभू जाणे. त्या मसुद्यांत आम्हाला एक गोष्ट रोज दिसते. ऐकू आलं नाही तिथेही यंत्र काहीतरी सफाईदार लिहून मोकळं होतं. जागा सोडणं त्याला फारसं जमत नाही. ते पाहून आम्हाला यंत्राचा राग येत नाही. आमचीच ओव्याची पुडी आठवते.

तर पाळकसाहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. आजाऱ्याकडे गेलो की आम्ही आमच्या प्रार्थनेची घाई करत नाही, कारण त्याची मुख्य तक्रार अजून आम्हाला माहीत नसते. कधीकधी आपली प्रार्थनासुद्धा अंदाजाने भरलेला शब्द असते. आपण गुडघेदुखीसाठी प्रार्थना करून उठतो आणि त्या माणसाला मुलाने सहा महिन्यांत फोन केलेला नसतो.

या आठवड्यात घरातल्या एका माणसाजवळ, विशेषतः म्हाताऱ्या माणसाजवळ, दहा मिनिटं बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. काय होतंय ते विचारा, आणि जे सांगतील त्यावर लगेच काही सुचवू नका. कळलं नाही तर पुन्हा विचारा.

प्रार्थना : प्रभू येशू, गर्दीत एका स्त्रीसाठी तू थांबलास. आमची घाई तुला ठाऊक आहे. ज्यांचं बोलणं आम्हाला पाठ आहे असं वाटतं, त्यांच्याजवळ आम्हाला बसव. जे ऐकू आलं नाही ते आमच्या मनाने भरण्यापासून आम्हाला आवर. आणि ज्यांनी तीनदा हाक मारली आणि मग गप्प बसले, त्यांच्याकडे आम्हाला वेळेवर पाठव. आमेन.